दारापासून नाल्यापर्यंत

नागपूर
१८ मार्च २०२५

प्रिय उज्ज्वला,

फोन करू नकोस असं तू बजावल्यापासून मी पोस्टाची वाट बघणारी बाई झाले आहे. आई म्हणते, ही पंचवीस वर्षं मागे गेली. हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकते, घरच्या नाही. खदानीवर टिप्पर चालवणारा नवरा इंद्रजीत आणि त्याच खदानीविरुद्ध अर्ज करणारा भाऊ सुनील, अशा दोघांच्या मधे तू राहतेस. अडकित्त्यातली सुपारी बरी. घरात सुनीलचं नाव काढलं की भांडण होतं म्हणालीस, म्हणून इथं त्याच्याबद्दल मोकळेपणी विचारते. दात बरा झाला का? दारव्ह्याच्या बाजारात खदानीच्या माणसांनी त्याला मारलं तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेच नाही.

त्याला सांग, खदानवाल्यानं धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरुंग उडवलाय. परवानगी नसलेल्या वेळी उडवलेला आणखी एक. तहसीलीत द्यायला त्यानं माझ्याकडून नेलेला सुरुंगांच्या वेळांचा तक्ता आता लांबलाय, हवा असेल तर नवा पाठवते.

आणि प्रेमसिंगकाका अजून रस्त्यानं कुजबुजत चालतात का गं? त्यांना पुन्हा एकदा समजावून सांग. रस्त्याकडेला पुरलेल्या इंटरनेटच्या केबलमधली एक रिकामी काचेची तार आम्ही वापरतो. दारव्ह्याच्या खोलीत ठेवलेली पेटी त्या तारेत उजेड सोडते. जमीन हलली की काच किंचित ताणली जाते, परत येणारा उजेड बदलतो, आणि कुठं हललं ते मला इथं नागपुरात पडद्यावर दिसतं. भूकंपाचे बारीक धक्के शोधायला ही खटपट आहे. गाडी गेली, बैल गेला, माणूस चालला, तेही दिसतं. बोलणं मात्र ऐकू येत नाही. काकांनी काकूला खुशाल मोठ्यानं शिव्या द्याव्यात.

मजा म्हणजे धुळवडीची तुमची गेर मला दिसली! कॉलेजात असताना तू मला तांड्यावर नेलं होतंस, आठवतं? ज्या घरी बाळ जन्मलंय त्या घरापुढं खांब, खांबाला बांधलेला खाऊ, तो पळवायला धावणारे पुरुष आणि काठ्यांनी त्यांना सोलून काढणाऱ्या बाया. मी भिऊन ओरडले होते आणि तुम्ही सगळे हसत होता. या वेळी नाल्याच्या पुलाजवळ खेळलात वाटतं. एकाला मधे घेऊन असा काही बडवलाय की बिचाऱ्याची कीव आली. कोण होता तो? मला भूकंपाच्या कामात असले आवाज नको असतात, म्हणून त्या तुकड्याला 'होळी, गेर, सोडून द्यावे' अशी खूण लावून मी पुढं गेले.

बाकी सगळं ठीक. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातल्या नळांची तपासणी करत बसतात.

तुझी,
गौरी

डोंगरतांडा, ता. दारव्हा
२३ मार्च

गौरी,

तुझं पत्र शाळेच्या पायरीवर उभ्यानं फोडलं आणि तिथंच दोनदा वाचलं.

यंदा गेर झाली नाही. होळीच्या आधी आमची दादी, रुपीबाई, गेली. बा तांड्याचा नायक. नायकाची आई गेल्यावर तांड्यात डफाला हात कोण लावेल? पहाटे होळी तेवढी पेटवली आणि लोक घरोघर बसून राहिले. मी धुळवडीचा अख्खा दिवस बाच्या घरी, आलेल्या बायांबरोबर रडत होते. आणि गेर खेळतात ती बाच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत. नाल्याजवळ आमच्या सात पिढ्यांत कोणी खेळलं नसेल.

सुनील धुळवडीच्या दुपारपासून घरी आलेला नाही.

हे तुला आधीच कळवायला हवं होतं. लाजेनं कळवलं नाही. सगळे म्हणत होते, दादीच्या सुतकात पोरगा निघून गेला, बापाला तोंड दाखवायला जागा नाही. जेवून उठला, बाहेर गेला, बस. फोन बंद आहे. बा ठाण्यात जाऊन आला. तिथं म्हणाले, तरणाताठा आहे, पुण्याकडं कामाला गेला असेल, येईल. आमचे इंद्रजीत सांगतात, "म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. काळी-पिवळीत बसून दारव्ह्याकडं गेला. तुमी कायले एवढा जीव काढून राह्यले?" याडीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, आईचा जीव तो. तिला कोणी काही विचारलं की ती फक्त त्याचा शर्ट दाखवते, हा घालून नाही गेला म्हणते. जणू तो बदलायला परत येणार आहे.

मीही मनाला समजावत होते. मार खाल्लेला माणूस गाव सोडतोच. खदानीवरचा मुकादम त्याला भर बाजारात म्हणाला होता, पुढच्या वेळी दात नाही, डोकं. मला वाटलं घाबरला असेल. बरंच झालं, असंसुद्धा मनात आलं.

मग तुझं पत्र आलं. तुला कीव आली तो कोण होता, गौरी?

तुझ्या मशिनीत ते सगळं अजून आहे की तू पुसून टाकलंस? असेल तर पुन्हा बघ. कुठं आहे माझा भाऊ ते मला सांग. तो खरंच काळी-पिवळीत बसला का, तेही बघ. मला सगळं लिही. शिक्षिका आहे मी, पोरांना कमी पडलेले गुण सांगायची सवय आहे. ऐकून घेईन.

उज्ज्वला

नागपूर
२८ मार्च

उज्ज्वला,

पुसलं नव्हतं. खूण काढली आणि तीन दिवस तोच एक तुकडा बघत बसले. तू सगळं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. एकटी असताना वाच. याडीजवळ बसून वाचू नकोस.

धुळवडीच्या दुपारी खदानीकडून एक जड गाडी येऊन नाल्याच्या पुलापाशी थांबली. तिच्यातून माणसं उतरली. चार असावीत, पाचही असतील. ती बराच वेळ एका जागी घुटमळत राहिली, म्हणजे कोणाची तरी वाट बघत होती. मग तांड्याकडून कोणीतरी चालत आलं. पुलाशी पोचल्यावर सगळे एकदम धावले. धावणारा एक जण तांड्याकडं वळला होता, पण तो पडला.

त्यानंतरचं मी गेर समजले होते.

काठ्या होत्या, आणि काठीहून जड काहीतरी होतं, लोखंडी सब्बल असेल. काही घाव चुकून जमिनीवर बसलेत. ते पडद्यावर लख्ख उमटतात. बाकीचे मऊ उमटतात. मऊ का, ते तू समजून घे, मला लिहवत नाही. आधी त्या घोळक्याच्या मधे हातपाय आपटण्याची खूण आहे. मग ती नाही. ती थांबल्यावरही मारणारे थांबलेले नाहीत.

नंतर काहीतरी फरफटत गाडीपर्यंत नेलं आहे. गाडी खदानीत गेली. रस्ता जिथं खदानीला वळसा घालतो तिथं केबलही वळते, त्यामुळं आत काय चाललंय याचा अंदाज मला दोन बाजूंनी बांधता येतो. जेसीबी चालला. जुन्या खड्ड्याच्या रस्त्याकडच्या कडेला, जिथं त्यांनी मुरमाचा ढीग घातलाय. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथंच सुरुंग. सुरुंग भरायच्या आधी दगडात भोकं पाडतात, ते काम मला तासन्‌तास दिसत राहतं. या वेळी भोकं जेमतेम पाडली होती. गिट्टीसाठी नव्हताच तो सुरुंग. कडा ढासळवून खड्डा बुजवायचा होता.

आणि मी तुला लिहिलं की सुनीलला सांग, तक्त्यात आणखी एक भर पडली.

त्याच तक्त्यावरून त्यानं अर्ज केला. तो घ्यायला आला तेव्हा मी त्याला चहा पाजला, शाबासकी दिली. पुढं काय होईल याचा विचार केला नाही. पडद्यावर मला दगड दिसत होते, दगडाचा मालक दिसत नव्हता.

जागेचा नकाशा काढून सोबत जोडला आहे. पोलिसांना घेऊनच खणा. एकट्यानं जाऊ नका, बाला जाऊ देऊ नकोस. मला जे दिसलं ते सगळं तुला लिहिलं आहे.

गौरी

डोंगरतांडा
४ एप्रिल

गौरी,

सापडला.

नकाशा घेऊन बा आणि मी ठाण्याच्या वर, पोलिसांच्या मोठ्या साहेबांपर्यंत गेलो. पंच आले, पोलीस आले. खदानीवरच्या जेसीबीवाल्यानं डिझेल नाही म्हणून हात वर केले. मग तांड्यातल्या माणसांनीच फावडी घेतली. खदानीचा शेठ छत्री घेऊन उभा होता. मुकादम त्याच्या शेजारी तंबाखू मळत होता. इंद्रजीत टिप्परच्या पाठीशी होते, पुढं आले नाहीत. मला वाटलं, नोकरीची भीती.

आधी चप्पल निघाली. मग हात. बा खाली उतरला आणि नखांनी माती उकरायला लागला. लोकांनी त्याला धरलं तर तो चावला. तोंड ओळखू येत नव्हतं गौरी, दगड पडल्यानं नाही, त्याच्या आधीच. कवटी मागून बसलेली होती. बोटं मोडलेली होती, डोक्यावर हात घेतले असतील. याडीनं त्याला गुडघ्यावरच्या व्रणावरून ओळखलं. लहानपणी मीच त्याला झाडावरून ढकललं होतं.

पोलिसांनी लिहून घेतलं, सुरुंगाच्या कड्याखाली सापडून मृत्यू. शेठ म्हणाला, चोरून फोटो काढाले शिरला असंल, आमी काय करावं? मी तुझं पत्र पुढं केलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्यातून मारलं हे समजते, कोणी मारलं हे समजत नाही. मले डोळ्यानं पाह्यलेला माणूस पाह्यजे. एक आणा."

तो निघून गेला आणि तांडा फुटला. कोणी आधी दगड उचलला माहीत नाही. क्रशरची काच फुटली, मग खोली फुटली, मग एका टिप्परला आग लागली. मुकादमाला बायांनी धरलं होतं, त्याचा कान फाटून लोंबत होता. पोलीस परत आले ते काठ्या घेऊनच. प्रेमसिंगकाकांच्या डोक्याला टाके पडलेत. शेठ गाडीत बसून कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. मुकादमही दवाखान्यातून निघून गेला. मीही दगड मारला. मारताना बरं वाटलं. हे कोणाला सांगू नकोस, माझ्या वर्गातली पोरं बघत होती.

आता बा कुऱ्हाडीला धार लावतो. सकाळी लावतो, दुपारी लावतो.

आता तुझ्याबद्दल. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की तोंडपाठ झालं. तू लिहिलंस, जे दिसलं ते सगळं लिहिलं. मी विचारलं होतं की सुनील काळी-पिवळीत बसला का. त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. 'तांड्याकडून कोणीतरी चालत आलं' असं लिहिलंस. तांड्यात कुठून ते लिहिलं नाहीस. मेलेल्या माणसाच्या हातापायांची खूण जिला दिसते, तिला हे दिसलं नाही?

तू विसरणाऱ्यातली नाहीस. कॉलेजात माझ्या पेपरातल्या चुका तूच काढायचीस. तू लपवते आहेस. का लपवते आहेस याचा मी रात्रंदिवस विचार करते आणि एकाच जागी येऊन थांबते. ते नाव माझ्याकडून लिहवून घेऊ नकोस. तूच लिही.

उज्ज्वला

नागपूर
८ एप्रिल

उज्ज्वला,

लपवलं. तुला जपायचं म्हणून लपवलं असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लिहायला भ्याले.

त्या दुपारी तांड्यावर एकही काळी-पिवळी थांबली नाही.

चालत आलेले दोघे होते. एक सुनील असणार. दोघंही तुझ्या दारापासून निघाले. जानेवारीत आपण सगळे रस्त्यानं हातोडा घेऊन फिरलो होतो, प्रत्येक दारापुढं जमिनीवर ठोका मारायचा आणि मी त्या जागेला नाव द्यायचं, केबलचा कुठला भाग कुणाच्या घरासमोर ते कळावं म्हणून. तुझ्या दारापुढचा ठोका सुनीलनंच मारला होता, इतका जोरात की तू त्याला रागावलीस. त्यामुळं चूक व्हायला जागा नाही. आधी एक जण तुझ्या दारातून बाच्या घराकडं गेला, दोघं होऊन परत आला, तुझ्या दाराशी थोडं थांबले, आणि मग नाल्याकडं.

पुलाजवळ दुसरा मागं थांबला. मारहाण चालू असताना तो तिथंच उभा आहे. पुढं गेला नाही, पळालाही नाही. सगळं आटोपल्यावर तो धावत निघाला तो थेट तुझ्या दारापर्यंत.

ती पावलं कोणाची, हे केबल सांगू शकत नाही. मी सांगणार नाही. तुला माहीत आहे.

तुझ्या पाया पडते, हे बाला कळू देऊ नकोस. कपडे घे आणि यवतमाळला आमच्या घरी जा. आई-बाबा दोघंही आहेत, बाबांना सगळं सांगून ठेवलंय. तिथून साहेबांकडं जाऊ. त्या घरात त्याच्यासमोर एकटी बसून जाब विचारू नकोस. ज्यानं उभं राहून ते बघितलं, तो तुझ्या बाबतीत काय करेल, मला सांगता येत नाही.

निघ. पत्राचं उत्तर देऊ नकोस, फक्त निघ.

गौरी

नागपूर
१२ एप्रिल, दुपार

उज्ज्वला,

तुझा फोन लागत नाही. हे पत्र कोणाच्या हाती पडेल मला माहीत नाही. लिहिणं थांबवलं तर मी किंचाळेन, म्हणून लिहिते.

तू गेली नाहीस. आईला विचारलं, उज्ज्वला आलीच नाही म्हणाली.

मघाशी तांड्याच्या वरच्या टोकाकडून माणसं निघताना दिसली. आधी वाटलं कोणाची तरी मयत. पण मयतीला लोक हळू चालतात. ही पावलं प्रत्येक दारातून रस्त्यावर येत होती आणि एकाच दिशेनं जात होती. मी नावं वाचत होते. प्रेमसिंगकाकांचं दार, शाळा, बाचं दार. बाच्या दारातून निघालेलं पाऊल सगळ्यांत पुढं आहे. मग ते धावायला लागले.

सगळे तुझ्या दाराशी आहेत.

साहेबांना फोन केला. तिकडून गाडी सुटली म्हणाले. मला ती दिसते आहे, दारव्ह्यातून निघालेली तिरपी रेघ. आज बाजाराचा दिवस. फाट्यावर रेघ थांबली. गाड्या, बैलगाड्या, सगळा चिखल झालाय पडद्यावर. निघाली. पुन्हा थांबली. अगं पुढं हो, पुढं हो.

तुझ्या दाराशी पन्नास माणसं नुसती पाय आपटताहेत.

आत्ता एक घाव बसला. जोराचा, पण जमिनीवर नाही. काहीतरी जड जमिनीवर पडलं. त्यानंतर आणखी एक. मऊ.

हे दोन्ही मी आता ओळखते आणि मला ओळखायचं नाहीये.

सगळे थांबले. एकही पाऊल हलत नाही. पन्नास माणसं आणि एकही हलत नाही. पोलिसांची गाडी पुलाशी आली. पूल ओलांडला. तुझ्या दाराशी उभी राहिली.

कोण पडलं, उज्ज्वला? मला सगळ्यांची पावलं दिसतात, पण तू कुठली ते कळत नाही. जिवंत असशील तर दारात येऊन जमिनीवर पाय आपट. मूर्खपणा आहे, तुला कसं कळणार. तरी आपट.

ही चिठ्ठी मंदारच्या हाती देते. भाऊ आहे, माझ्यासाठी गाडी घेऊन निघालाय. तू दिसल्याशिवाय परत येऊ नको असं त्याला सांगितलंय.

गौरी

डोंगरतांडा
२२ एप्रिल

प्रिय गौरी,

मंदार आला तेव्हा मी दवाखान्यात खांदा बांधून बसले होते. मी जिवंत आहे हे त्यानं तुला सांगितलंच. बाकीचं मी सांगायचं ठेवलं होतं.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मला निघता आलं नाही. निघाले असते तर तो पळाला असता आणि साहेबांना हवा असलेला डोळ्यांनी पाहिलेला माणूस गेला असता. म्हणून दोन दिवस मी त्याला वाढलं. त्याच्याशेजारी झोपले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवत असताना विचारलं. त्यानं भाकरी खाली ठेवली. म्हणाला, "शेठ म्हणे, नुसता बोलावून आण, समजावून सांगतो. म्हणून बोलावाले गेलतो. म्या हात नाही लावला वं, उज्ज्वला. एकबी नाही लावला."

मी म्हटलं, मग उभा काहून राह्यला?

त्यानं ताट बाजूला सारलं.

मी दार ओढून घेतलं, कडी बाहेरून घातली आणि साहेबांना फोन करायला शाळेच्या गच्चीवर धावले, तिथंच रेंज येते. माझं बोलणं खाली शाळेची खिचडी करणाऱ्या बाईनं ऐकलं. तिचं काय चुकलं? तिनं याडीला सांगितलं. याडीनं बाला. मी परतले तोवर बा निघाला होता. याच बानं इंद्रजीतला लग्नानंतर तांड्यात जागा दिली होती, घराचा पहिला दगड स्वतः ठेवला होता. कुऱ्हाड घेऊन तो त्याच घराकडं आला. मागं सगळा तांडा.

मी आधी पोचले. कडी काढून आत गेले आणि कोपऱ्यातलं मुसळ उचललं. तुला खरं सांगते, ते उचलून मी पहिल्यांदा वळले ती दाराकडं नाही, त्याच्याकडं. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. डोकं माझ्या हाताखाली होतं. सुनीलचं डोकं मी मातीतून काढलेलं पाहिलं होतं, कुठं मारायचं ते मला माहीत होतं. हात वर गेला होता. त्यानं डोळे मिटले, आणि मला वाटलं, हा किती सोपा सुटतोय. हा मेला की शेठही सुटला, मुकादमही सुटला. सुनील दगडाखाली सापडून मेला, असंच कागदावर राहील.

मग मी दारात आले.

बा म्हणाला, "हट." मी म्हटलं, नाही. बा म्हणाला, "उज्ज्वला, थो तुह्या भावाले घेऊन गेला. हट, नाहीतर तुलेबी तोडतो." मी ओरडले, बा, हा मेला तर शेठ सुटला, कोर्टात कोण सांगन? त्याला ऐकू येत नव्हतं. कुऱ्हाड वर गेली. मी त्याच्या मनगटावर मुसळ घातलं.

तुला पडद्यावर दिसला तो पहिला घाव हा. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. बाचं हाड, गौरी. जड पडलं ती कुऱ्हाड. दुसरा घाव माझ्या खांद्यावर प्रेमसिंगकाकांच्या लाठीचा. मी पडले नाही. पडले असते तर ते माझ्यावरून आत गेले असते.

बा मोडलेला हात मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं, लहान पोरासारखा. सुनील सापडला तेव्हाही तो रडला नव्हता. नायकाला ओलांडून आत कोण जाईल? सगळे तसेच उभे राहिले. तुला दिसलेलं थांबणं ते.

गाडीत बसवताना इंद्रजीत मला म्हणाला, "वाचवलं तू मले." मी म्हटलं, तुले नाही वाचवलं. साक्ष देईपर्यंत जग, मग तुहं तू पाह्य.

याडी मला घरात घेत नाही. बापाचा हात तोडून भावाच्या वैऱ्याला वाचवलं म्हणते. चुकीचं कसं म्हणू? बा प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन अंगणात बसतो. मी शाळेत जाताना थांबते, तो मान वळवतो. उद्याही थांबेन.

परवा साहेबांनी मला बोलावलं होतं. इंद्रजीतचा जबाब चालू होता. शेठचं नाव त्यानं सांगितलं, मुकादमाचं सांगितलं, सब्बल कोणाच्या हातात होती ते सांगितलं. दोघं त्याच रात्री उचलले गेले. मुकादम पुलगावला मावशीकडं लपला होता. मॅजिस्ट्रेटसमोर तेच पुन्हा सांगायचं आहे, आणि त्याच्याबरोबर तुझं सांगणं लागेल. मशीन काय करते ते कोर्टाला मशीन सांगणार नाही. तू ये. पेपरात चूक काढायचीस तसं बोल, रडू नकोस.

सगळी नावं लिहून झाल्यावर साहेबांनी पेन उचलून विचारलं, "आणि मयताले घरून कोण घेऊन गेलं?"

तो माझ्याकडं बघायला लागला, त्या दिवसांत ताटावरून बघायचा तसा. मी सांगावं, किंवा मी नको म्हणावं, अशी वाट बघत होता. खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, सांग.

त्यानं सांगितलं.

तुझी,
उज्ज्वला